पैसा, आत्मा आणि गळ्यातला क्रूस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिस्सा (कॅथलिक चर्चमधली मुख्य उपासना) संपल्यावर चर्चच्या आवारात, धर्मशिक्षणाच्या वर्गात आणि फोनवर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विचारणारे बहुतेक वसई, मुंबई आणि अहिल्यानगरकडचे मराठी ख्रिस्ती आहेत. काही जण स्वतः ख्रिस्ती नाहीत, पण त्यांची सून, जावई किंवा शेजारी ख्रिस्ती आहेत. मी कॅथलिक आहे, त्यामुळे उत्तरं त्या बाजूने लिहिली आहेत. प्रोटेस्टंट मंडळ्यांचं मत जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे. कंसात बायबलमधले अध्याय आणि वचनं दिली आहेत. ती उघडून स्वतः वाचावीत, ही विनंती.

१. पैसा हेच सगळ्या वाइटाचं मूळ ना? मग ख्रिस्ती माणसाने कमवावं तरी किती?

प्रेषित पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (६:१०) मूळ म्हटलं आहे ते पैशाच्या लोभाला. प्रवचनात अर्धं वचन सांगितलं जातं आणि माणसं पगारवाढ झाली तरी अपराधी वाटून घेतात. येशू आणि त्याचे शिष्य गावोगाव फिरत तेव्हा योहान्ना, सुसान्ना अशा स्त्रिया स्वतःच्या पैशातून त्यांचा खर्च चालवत होत्या (लूक ८:१-३). येशूला ज्या कबरेत ठेवलं ती अरिमथाईकर योसेफ या श्रीमंत माणसाची होती. पौलाला घरी ठेवून घेणारी लुदिया जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करत होती (प्रेषितांची कृत्ये १६). यांपैकी कुणालाही धंदा बंद करायला सांगितलेलं नाही.

लोभ फक्त श्रीमंतांनाच होतो, असंही नाही. हप्त्यांवर जगणाऱ्याचा दिवसही शेजाऱ्याच्या नव्या गाडीकडे बघण्यात जाऊ शकतो. किती कमवावं याचा आकडा बायबलमध्ये नाही. कसं कमवावं आणि कुणाला विसरू नये, याबद्दल मात्र पानंच्या पानं आहेत.

२. येशूने श्रीमंत तरुणाला सगळं विकायला सांगितलं. ते आम्हालाही लागू आहे का?

ती आज्ञा त्या तरुणाला होती (मार्क १०:१७-२२). आज्ञा लहानपणापासून पाळल्या आहेत असं तो म्हणाला, तेव्हा येशूने त्याच्याकडे प्रेमाने पाहिलं आणि तो नेमका कशात अडकला आहे ते सांगितलं. जकातदार जक्कयाची गोष्ट वेगळी आहे. त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायची आणि ज्यांना फसवलं त्यांना चौपट परत करायचं कबूल केलं. त्याच्या घरी तारण आलं, असं येशूने त्याच दिवशी सांगितलं (लूक १९:१-१०). पेत्राने जाळी सोडली, तरी त्याचं घर होतं आणि त्या घरी सासू आजारी होती.

मिसरच्या अंतोनीने चर्चमध्ये हेच वचन ऐकलं, जमीन देऊन टाकली आणि तो वाळवंटात गेला. त्याच्या कित्येक दशकं आधी अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट शिकवत होता की आधी मनातली आसक्ती टाकावी लागते, कारण कुणाकडेच काही उरलं नाही तर भुकेल्याला जेवू कोण घालणार? मंडळीने दोघांनाही आपलं मानलं.

आपल्याकडेही हे दोन्ही मार्ग दिसतात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि शेवटची वर्षं ख्रिस्ती संन्याशासारखी काढली. पंडिता रमाबाईंनी केडगावला जमीन घेतली, विहिरी खोदल्या, इमारती आणि छापखाना उभारला. दुष्काळात सापडलेल्या शेकडो बायका-मुली तिथे राहिल्या. रमाबाईंनी ती जमीन विकून संन्यास घेतला असता, तर त्या मुलींनी जायचं कुठे? तुम्हाला यांपैकी काय लागू आहे, हे ठरवायला एक प्रश्न पुरतो: कोणती गोष्ट सोडायचं नुसतं नाव काढलं तरी तुम्ही त्या तरुणासारखे खिन्न होऊन निघून जाल?

३. ‘सुईचं नाक’ हा जेरुसलेममधला एक छोटा दरवाजा होता, उंट ओझं उतरवून गुडघ्यावर त्यातून जायचा, असं ऐकलं. खरं का?

श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणं सोपं, हे येशूचं वचन आहे. असा दरवाजा होता याचा पुरावा नाही. हे स्पष्टीकरण कित्येक शतकांनी आलं आणि प्रवचनांत रुजलं, कारण त्याने वचनाची धार जाते. पुढची ओळ वाचा. शिष्य थक्क होऊन विचारतात, मग तारण कुणाचं होणार? अरुंद दरवाजाचीच गोष्ट असती तर ते थक्क झाले नसते. येशूचं उत्तर आहे की माणसाला हे अशक्य आहे, देवाला नाही (मार्क १०:२३-२७). उंट म्हणजे उंट आणि सुई म्हणजे सुई.

४. आत्मा म्हणजे नेमकं काय? आणि खिशातल्या पैशाचा आत्म्याशी काय संबंध?

ख्रिस्ती शिकवणीत देह आणि आत्मा मिळून एक माणूस होतो. देह हा आत्म्याचा तुरुंग आहे, असं आपण मानत नाही. प्रत्येक आत्मा देव निर्माण करतो. तो मरणानंतर उरतो, पण दुसऱ्या देहात जन्म घेत नाही: एकदाच मरणं आणि मग न्याय (इब्री ९:२७). दर रविवारी विश्वासांगिकारात आपण मृतांच्या पुनरुत्थानाची आशा बोलून दाखवतो. म्हणजे शेवटी हा देहही देवाला हवाच आहे.

म्हणूनच देहाच्या गोष्टी आत्म्यासाठी क्षुल्लक ठरत नाहीत. भाकरी, मजुरी, छप्पर यांच्याशी आपण कसे वागतो त्यातूनच आत्मा घडत जातो. लूकच्या शुभवर्तमानातल्या दोन श्रीमंतांकडे पाहा. पहिल्याचं पीक उदंड आलं. तो कोठारं पाडून मोठी बांधायचा बेत करतो आणि स्वतःच्याच जिवाला सांगतो, खा, पी, मजा कर. त्याच रात्री त्याचा जीव मागितला जातो (१२:१६-२१). त्याचं बोलणं नीट वाचलं तर लक्षात येतं की त्यात दुसरा माणूसच नाही. दुसरा श्रीमंत रोज मेजवान्या झोडतो आणि त्याच्या दाराशी लाजर फोडांनी भरलेला पडून असतो (१६:१९-३१). त्याने लाजरला लुबाडल्याचं किंवा हाकलल्याचं कुठेही लिहिलेलं नाही. मेल्यावर मात्र तो लाजरला नावाने ओळखतो, म्हणजे दाराशी कोण पडलं आहे ते त्याला माहीत होतं. मला ही बायबलमधली सगळ्यात भीतिदायक गोष्ट वाटते. पैशाने आत्म्याला होणारी इजा बहुधा अशीच असते: दिसणं हळूहळू बंद होतं आणि ते बंद झालं आहे हेही कळत नाही.

५. दशांश द्यावाच लागतो का?

कॅथलिक चर्चमध्ये ठरावीक टक्का नाही. चर्चच्या गरजांना, गरिबांना आणि सेवकांच्या निर्वाहाला हातभार लावणं हे कर्तव्य आहे, पण किती ते तुमच्या ऐपतीवर आणि विवेकावर सोडलं आहे. अनेक प्रोटेस्टंट, विशेषतः पेन्टेकोस्टल मंडळ्या मलाखी ३:१० दाखवून दहा टक्के सांगतात. तो नियम इस्राएलच्या मंदिरासाठी आणि जमिनीचा वाटा न मिळालेल्या लेव्यांसाठी, म्हणजे मंदिराच्या सेवकांसाठी होता. पौल करिंथकरांना लिहितो की मनात ठरवलं असेल तसं, कुरकुर न करता आणि दडपणाखाली न येता द्या (२ करिंथ ९:७). स्वतःला शिस्त लागावी म्हणून दहा टक्के ठरवून घेतलेत तर उत्तमच.

एक अपवाद ठळकपणे सांगतो. आईवडिलांच्या औषधाचे किंवा मुलांच्या फीचे पैसे दानपेटीत टाकू नका. देवाला वाहिलं असं म्हणून आईवडिलांना उघड्यावर टाकणाऱ्यांना येशूने फार कडक शब्दांत सुनावलं आहे (मार्क ७:९-१३).

६. एक प्रचारक सांगतात, ‘विश्वासाने पाच हजारांचं बी पेरा, शंभरपट उगवेल.’ आम्ही पेरलं, काही उगवलं नाही. आमचा विश्वास कमी पडला का?

नाही. तुमच्याशी खोटं बोललं गेलं. शंभरपटीचं ते वचन मार्क १०:३० मध्ये आहे. घरं, भाऊ, बहिणी, शेतं शंभरपट मिळतील असं त्यात म्हटलं आहे आणि त्याच वाक्यात ‘छळाबरोबर’ हा शब्दही आहे. तो शब्द व्यासपीठावरून वाचलेला मी कधी ऐकला नाही. पौल स्वतः भूक, तहान, थंडी आणि उघडेपणा भोगल्याचं लिहितो (२ करिंथ ११:२७). विश्वास म्हणजे बँक बॅलन्स असता तर पौल नापास झाला असता. दुःख आलं म्हणजे तुझंच काही चुकलं असेल, हे निर्दोष असूनही दुःख भोगणाऱ्या इयोबाच्या मित्रांचं म्हणणं होतं. देवाने शेवटी रागावून त्यांनाच चूक ठरवलं.

कर्ज काढून, दागिना मोडून कुणाच्याही ‘सेवेला’ पैसे देऊ नका. दान देताना हिशेब मागणं हा अविश्वास होत नाही.

७. मृतासाठी मिस्सा सांगताना पैसे देतो. म्हणजे आत्म्याची सुटका विकत घेतो का?

मिस्साला किंमत नसते आणि ती लावण्याचा अधिकार कुणालाही नाही. जे देतो ते अर्पण असतं, फादरांच्या निर्वाहासाठी आणि चर्चच्या कामासाठी. व्यापाराचा नुसता भासही होऊ नये, असं कॅथलिक धर्मविधी-संहिता बजावते. गरिबाने अर्पण दिलं नाही तरी त्याच्या मनोदयासाठी फादरांनी मिस्सा करावी, अशी कळकळीची शिफारसही तिच्यात आहे. तेव्हा हातात पैसे नसतील तर संकोच न करता नाव द्या.

हा संशय लोकांच्या मनात का येतो, तेही मान्य केलं पाहिजे. पापाच्या शिक्षेतून मिळणारी सूट पैसे घेऊन वाटली जात होती. १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथर उभा राहिला तो त्याच्याविरुद्ध, आणि त्या मुद्द्यावर तो बरोबर होता. ट्रेंटच्या धर्मसभेने १५६२ मध्ये सूट वाटत फिरणाऱ्या वसुलीदारांचं पदच रद्द केलं. बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्या मृतांसाठी अशी प्रार्थना करत नाहीत. मृत माणूस देवाच्या हाती सोपवून त्या थांबतात.

८. गळ्यात क्रूस घालणं सक्तीचं आहे का? आणि सोन्याचा चालतो का?

सक्तीचं अजिबात नाही. सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी मासा, जहाजाचा नांगर, मेंढपाळ ही चिन्हं क्रूसापेक्षा जास्त वापरली. क्रूस तेव्हा खराखुरा फाशीचा खांब होता आणि गुलामांना, बंडखोरांना त्यावर मरताना लोक पाहत होते. रोममध्ये भिंतीवर कोरलेलं एक जुनं चित्र सापडलं आहे. त्यात गाढवाचं डोकं असलेला माणूस क्रूसावर आहे, समोर एक जण हात वर करून उभा आहे आणि खाली लिहिलं आहे की अलेक्सामेनोस आपल्या देवाची भक्ती करतो. कुणीतरी एका ख्रिस्ती माणसाची केलेली ही टर आहे. क्रूस मिरवण्याची गोष्ट झाला तो चौथ्या शतकात, सम्राट कॉन्स्टन्टाइनच्या काळापासून.

सोन्याचा क्रूस घालायला हरकत नाही, पण तो गळ्यात घालून घरकामाच्या बाईचे खाडे मोजून पगार कापणं मला सहन होत नाही. अडवून ठेवलेली मजुरी देवापाशी ओरडते, असं याकोब लिहितो (५:४).

९. मूर्ती, क्रूस, संतांचे फोटो: ही मूर्तिपूजा नाही का?

ज्या निर्गमाच्या पुस्तकात कोरीव मूर्तीची मनाई आहे (२०:४), त्याच पुस्तकात कराराच्या कोशावर (देवाच्या आज्ञा ठेवलेल्या पेटीवर) सोन्याचे दोन करूब, म्हणजे पंखधारी देवदूत घडवण्याची आज्ञा आहे (२५:१८). निसिया इथल्या दुसऱ्या धर्मसभेने ७८७ मध्ये फरक स्पष्ट केला: आराधना फक्त देवाची, प्रतिमेला आदर, आणि तो आदर ज्याची प्रतिमा आहे त्याला पोहोचतो. बऱ्याच प्रोटेस्टंट मंडळ्यांना हा फरक प्रत्यक्षात टिकत नाही असं वाटतं. म्हणून त्यांच्या उपासनागृहात रिकामा क्रूस असतो किंवा तोही नसतो.

त्यांची भीती निराधार नाही. मोशेने देवाच्याच आज्ञेने पितळेचा साप उंचावला आणि लोक वाचले (गणना २१). पुढे शेकडो वर्षं तो जपला गेला आणि लोक त्याला धूप जाळू लागले. तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकला, आणि बायबल त्याचं कौतुक करतं (२ राजे १८:४). देवाने दिलेली वस्तूसुद्धा देवाच्या जागी बसली की फोडावी लागते. पैशाबद्दलचं आणि चिन्हांबद्दलचं ख्रिस्ती म्हणणं मला इथे एकच दिसतं. दोन्ही देवाकडून आलेली आहेत आणि दोन्हींवर आपण आपली सुरक्षितता टांगतो.

१०. क्रूस किंवा आशीर्वादित पदक जवळ असलं की अपघात, करणी, नजर यांपासून संरक्षण मिळतं ना?

क्रूस हा ताईत नाही. तो हातात धरून प्रार्थना करा, पण त्याच्या भरवशावर हेल्मेट घरी ठेवू नका. मुंबईच्या जुन्या गावठाणांत रस्त्याकडेला जे क्रूस दिसतात त्यांपैकी बरेच १८९६ नंतरच्या प्लेगच्या साथीत उभे राहिले. लोक तिथे जमून प्रार्थना म्हणत. साथीतही तो क्रूस त्यांना एकत्र आणत होता, म्हणून वाड्यांमध्ये आजही त्याच्यासमोर रोझरी होते. गाडीच्या आरशाला जपमाळ टांगली आणि ती कधी हातातच घेतली नाही, तर त्या क्रूसात आणि या जपमाळेत बरंच अंतर पडतं.

११. मोत माउलीच्या जत्रेत मेणाचं घर वाहिलं, फ्लॅटसाठी. हा देवाशी सौदा झाला का?

वांद्र्याच्या मोत माउलीला सप्टेंबरच्या जत्रेत सगळ्या धर्मांचे लोक मेणाचे हात, पाय, बाळ आणि घर वाहतात. जे दुखतं किंवा जे हवं ते मेणात घडवून आईसमोर ठेवायचं, यात मला काही गैर दिसत नाही. रोजची भाकर मागायला तर येशूनेच शिकवलं. सौदा सुरू होतो ‘दिलंस तरच’ या शब्दाने. घर मागा, आणि नाही मिळालं तरी पुढच्या वर्षी या. नवस बोलला असाल आणि तो फेडणं खरोखर झेपत नसेल, तर घाबरून कर्ज काढू नका. फादरांशी बोला, नवस बदलून किंवा माफ करून मिळतो.

१२. गरिबीत मेलेला संत चांदीच्या पेटीत का? चर्चमधलं सोनं-चांदी विकून गरिबांना का देत नाही?

फ्रान्सिस झेवियर १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर, जवळजवळ एकटा मेला. आज जुन्या गोव्यात बॉम जेजूच्या बॅसिलिकेत त्याचे अवशेष चांदीच्या पेटीत आहेत. ती गोव्याच्या कारागिरांनी सतराव्या शतकात घडवली. खालचा संगमरवरी चौथरा टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने पाठवला. हा विरोधाभास डोळ्यांना खुपतो, आणि खुपावा.

याच्या दोन्ही बाजू बायबलमध्ये आहेत. बेथानीत मरियेने येशूच्या पायांवर तीनशे दिनारांचं, म्हणजे मजुराच्या जवळजवळ वर्षाच्या कमाईचं अत्तर ओतलं. ते विकून गरिबांना द्यायला हवं होतं, असं म्हणणारा यहूदा इस्कर्योत होता, आणि येशूने मरियेची बाजू घेतली (योहान १२:१-८). प्रेमाने केलेली उधळण देव नाकारत नाही. दुसरीकडे चौथ्या शतकातला उपदेशक योहान क्रिसोस्तोम लोकांना सांगत असे की वेदीवर ख्रिस्ताला रेशीम पांघरता आणि दाराबाहेर तोच थंडीने मरतो, तर त्या रेशमाचा काय उपयोग! मिलानच्या बिशप अँब्रोजने युद्धकैद्यांना सोडवण्यासाठी चर्चची पवित्र पात्रं वितळवली. टीका झाली तेव्हा त्याने उत्तर दिलं की सोनं जपण्यापेक्षा माणसं जपणं बरं.

माझं मत अँब्रोजच्या बाजूचं आहे. पेटी राहू द्या, ती लोकांच्या प्रेमातून आली आहे आणि आज ती इतिहासाचीही ठेव आहे. पण धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) कुणाची डायलिसिसची सोय होत नसताना नव्या संगमरवराची वर्गणी काढली जात असेल, तर सभेत उठून बोलायला हवं.

१३. मंगळसूत्रात क्रूस घातला तर चालतो का?

चालतो. महाराष्ट्रात कितीतरी ख्रिस्ती बायका काळ्या मण्यांत क्रूस ओवून घालतात, आणि लग्नविधीत त्यावर आशीर्वादही दिला जातो. काही मंडळ्यांना काळे मणी नकोत. तिथे पाळकसाहेबांना आधी विचारा. सुनेने काय घालावं हे सासूने ठरवू नये, एवढंच मी जोडेन.

१४. आशीर्वादित सोन्याचा क्रूस गहाण ठेवला किंवा विकला तर पाप लागतं का? तुटलेली जपमाळ टाकायची कुठे?

मुलीच्या फीसाठी क्रूस गहाण ठेवला, यात पाप नाही. मन खाणाऱ्यांनी वरचा अँब्रोज आठवावा (प्रश्न १२). विकलात तर त्या वस्तूवरचा आशीर्वाद गेला असं समजावं, आणि नव्या मालकाने हवा तर पुन्हा घ्यावा. आशीर्वादाच्या नावाखाली भाव वाढवून विकणं मात्र वाईट. शिमोन जादूगाराने देवाचं दान पैशाने घ्यायला बघितलं, तेव्हा पेत्राने त्याला झिडकारलं (प्रेषितांची कृत्ये ८:१८-२०).

तुटलेली जपमाळ, फाटलेलं बायबल, भंगलेली मूर्ती कचऱ्यात टाकू नका. जळण्यासारखं असेल ते जाळून राख मातीत मिसळा, बाकीचं पुरा. झावळ्यांच्या रविवारच्या जुन्या झावळ्या चर्चमध्ये परत द्या. पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारची राख त्यांचीच होते.

१५. बँकेचं व्याज, शेअर, विमा, लॉटरी: यांतलं काय चालतं?

निसियाच्या पहिल्या धर्मसभेने ३२५ मध्ये धर्मसेवकांना व्याज घ्यायला मनाई केली. पुढे मध्ययुगात ती मनाई सगळ्यांवरच आली. व्यापार बदलला तशी शिकवणही सैल झाली, आणि आज रास्त व्याजाला हरकत नाही. गरजवंताला महिना दहा टक्क्यांनी देणं आजही पापच. विमा म्हणजे अविश्वास नव्हे, योसेफाने मिसरमध्ये सात वर्षं धान्य साठवलं होतं. शेअर घ्या, कंपनी काय विकते ते पाहून. लॉटरी किंवा पत्ते हे मुळातच पाप नाही असं कॅथलिक शिकवण सांगते, पण घरच्यांच्या तोंडचा घास त्यात जात असेल तर ते अन्यायाचं ठरतं. मोबाइलवरच्या पैशाच्या खेळांत तो जातो, हे मी आजूबाजूला पाहतो आहे.

१६. वडिलांनी लाच खाल्ली होती. ते गेले. तो पैसा चर्चला दिला तर त्यांच्या आत्म्याला शांती मिळेल का?

आधी ज्यांचा पैसा आहे त्यांना परत करा. जक्कयानेही फसवलेल्यांना चौपट परत करायचं कबूल केलं होतं (प्रश्न २). माणसं सापडत नसतील तर गरिबांसाठी द्या, आणि नावाची फरशी लावून घेऊ नका. यहूदाने परत फेकलेली तीस नाणी मंदिराच्या याजकांनीसुद्धा खजिन्यात टाकली नाहीत. परक्यांना पुरण्यासाठी त्यांनी त्यातून कुंभाराचं शेत विकत घेतलं (मत्तय २७:३-७). वडिलांसाठी प्रार्थना जरूर करा, मिस्सा सांगा (प्रश्न ७). परतफेड ही त्या प्रार्थनेची किंमत म्हणून करू नका. ती ज्यांचं नुकसान झालं त्यांचा हक्क आहे म्हणून करा.

१७. आजीची इच्छा होती, सोन्याची जपमाळ तिच्याबरोबर पुरावी. मामा म्हणतात, एवढं सोनं मातीत का घालायचं?

चर्चचा याबाबत नियम नाही. हातात जपमाळ गुंफून पुरण्याची पद्धत जुनी आणि सुंदर आहे, पण तिला सोन्याची अट नाही. आपण जगात काही आणलं नाही आणि काही नेणारही नाही, असं पौल लोभाच्या त्या वचनाच्या जरा आधीच लिहितो (१ तीमथ्य ६:७). तरीही मरणाऱ्याचा शब्द हलका मानू नये. आजी शुद्धीवर असेपर्यंत बोलणं झालं असेल, तर तिने सांगितलं तसं करा आणि विषय मिटवा. ती नुसतंच ‘माझी माळ माझ्याबरोबर’ म्हणाली असेल, तर ती रोज ज्या लाकडी माळेवर जप करायची ती तिच्या हातात द्या. सोन्याची माळ कुणाला द्यायची हे सगळ्या भावंडांनी मिळून, शक्यतो अंत्यविधीच्या आधीच ठरवा. दफनानंतर महिनाभराने यावरून होणारी भांडणं फार लांबतात.